शेपटीजवळची पट्टी

मुनाफ सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही. उजवा हात माझ्या दिशेने सरळ लांब केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला आणि अंगठा हळूहळू खाली सरकवत म्हणाले, "साडेसहा डोके. ठीक हाय."

मी कामरगावच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. माझा चेहरा पाहून मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका वानखडे मॅडम. चित्रकलेचे आहेत. माणसाची उंची त्याच्याच डोक्यानं मोजतात. माझी तर सहाच भरली."

मोजायची ही खोड सरांना रस्त्यावरही सुटत नसे. फाट्यावर उभे राहून ते समोरच्या कडुनिंबाचं माप घेत, आणि कारंज्याकडे निघालेली काळीपिवळी जीप करकचून ब्रेक मारून त्यांच्यापुढे थांबे.

"चला सर, बसा."

"कुठं?"

"हात देला ना तुमी!"

"तुले नाई देला. झाडाले देला."

नवे ड्रायव्हर यावरून भांडत. जुने नुसता हॉर्न वाजवून पुढे जात.

उंच, सडपातळ, मेंदी लावलेली आखूड दाढी आणि कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल झोपताना आणि नमाजाला तेवढी उतरते, असं त्यांच्या पत्नी शमीमभाभी सांगत. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना पोरं बसवता बसवता ए, बी, सी ही तीन अक्षरं सरांच्या रक्तात गेली होती. धनजला एका विद्यार्थ्याच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. सरांनी पानातली जिलबी उचलली, उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली.

"बी. वेढे सुटले."

वाढणारा गोंधळला. "अजून वाढू का सर?"

"वाढ. पण सुधारून वाढ."

गावातल्या रांगोळी स्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं, ते एकदाच. सगळ्या रांगोळ्या त्यांनी उकिडवं बसून तपासल्या आणि माइक हातात घेऊन फक्त तिसरा नंबर जाहीर केला. "पयला अन् दुसरा रिकामा ठेवला हाय. पुढच्या साली मेहनत करा, भरून टाकू." पुढच्या साली मंडळाने परीक्षकच बदलला. तरी सर गेले, गर्दीच्या मागे उभे राहिले, आणि घरी येऊन नव्या परीक्षकाला सी दिली.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "रंग मागून. पयले रेघ." रेघ हलली की कागद परत. पोरं त्यांना भीत, आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही भीत असू. मी फळ्यावर सुविचार लिहिला की मागून जाता जाता ते थांबत आणि माझ्या वेलांट्यांकडे दुःखाने पाहत.

निवृत्तीनंतर असा माणूस दिवसभर घरात बसला तर काय होईल, ही भाभींची भीती महिन्याभरात खरी ठरली. सर पोळ्यांच्या कडा तपासू लागले. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधलं अंतर सारखं आहे का, ते पाहू लागले. भाभींनी मग त्यांची बॅग भरली आणि त्यांना रत्नागिरीला लेकीकडे धाडून दिलं. जावई तिथे शोभेचे समुद्री मासे टाक्यांमध्ये जन्माला घालून वाढवणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होता. सर रोज सकाळी त्याच्याबरोबर जात आणि टाक्यांपुढे उभे राहत. "याचा जबडा पाहा, वाकडा हाय." "याची पट्टी मधात तुटली." "हा पोहून नाई राह्यला, लटकून राह्यला." केंद्रातल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात कौतुक केलं, दुसऱ्या आठवड्यात चहा विचारणं बंद केलं, आणि तिसऱ्यात जोकर माशांची एक जोडी भेट देऊन त्यांना गावी परत पाठवलं. "खुश होऊन देली," असं सर सांगत. जावयाचं सांगणं थोडं वेगळं होतं.

जोकर मासा म्हणजे बोटाएवढा नारिंगी जीव. अंगावर तीन पांढरे पट्टे, एक डोळ्यामागे, एक कमरेला, एक शेपटीजवळ. प्रत्येक पट्ट्याला काळी बारीक किनार. जन्मभर दुसऱ्यांच्या हललेल्या रेघा पाहिलेल्या सरांना तो मासा पाहून काय झालं असेल, याची मला कल्पना येते. ते म्हणाले, "बाई, हा अल्लानं स्वतः आखलेला हाय. अन् खोडरबर वापरलं नाई."

आता कामरगावात समुद्री मासे पाळायचे म्हणजे कामरगावात समुद्र पाहिजे. सरांनी तो घरी करायला घेतला. खास मीठ बादलीत भरून बाहेरगावाहून येई. फिल्टरच्या पाण्यात ते कालवायचं, काचेची नळी तरंगवून खारटपणा मोजायचा, कमी पडलं की चिमूट, जास्त झालं की तांब्या. गावात बातमी झाली की मुनाफ सर घरात समुद्र करून राह्यले.

पहिले आले शेजारचे किसनबुवा. ऐंशीच्या घरातले. टाकीसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "मास्तर, म्या जिंदगीत समुद्र पाह्यला नाई. चाखून पाहू काय?"

सरांचं मन विरघळलं. बुवांनी बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटून घेतले. "खराच हाय ब्वा!"

त्यानंतर चार दिवस सरांच्या दाराशी लोक बोटं घेऊन उभे होते. भजनी मंडळ येऊन गेलं. बँकेतला शिपाई येऊन गेला. एका बाईंनी लहान लेकराला कडेवरून खाली वाकवून त्याचीही जीभ लावली. अखेर सरांनी एक पाटी रंगवून टाकीवर टांगली. अक्षरांना सावली दिलेली, खाली नक्षीचा पट्टा काढलेला. पाटीवर लिहिलं होतं, 'समुद्र चाखू नये.' त्या पाटीइतकं सुंदर अक्षर मी आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवरही पाहिलेलं नाही.

उन्हाळा आला. आपल्याकडचा मे महिना, पत्र्यावर पापड भाजावेत असा. सरांच्या घरी बैठकीत एकच कूलर होता, आणि त्याचं तोंड टाकीकडे होतं. पाणी तापलं की मासे दगावतात, हे बरोबर, पण पाहुणे? पाहुणे आले की नमस्कार-चमत्कार होताच आपापल्या खुर्च्या उचलून टाकीच्या कडेला नेऊन ठेवत आणि माशांच्या वाऱ्यातला उरलासुरला वारा घेत. मीही घेतला आहे. भाभी म्हणत, "बाई, आमच्या घरात पयले मच्छी, मंग सर, मंग मेहमान. माहा नंबर लाइट गेल्यावर येते, हातपंखा हलवाले."

जोडीने अंडी घातली तेव्हा सरांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. टाकीतल्या कुंडीच्या खापरावर शेंदरी ठिपक्यांचा गालिचा अंथरला होता आणि लहान मासा कल्ल्याच्या पंखांनी त्यावर सारखा वारा घालत होता. मोठा मासा लांब उभा राहून पाहत होता. लहान जरा थांबला की मोठा येऊन त्याला ढुशी मारी.

"आई किती राबते हो," मी म्हणाले.

"तो बाप हाय," सर म्हणाले. "मोठी ती मादी. यांच्यात जे सगळ्यात मोठं, ते मादी. बाकी सारे तिच्या धाकात."

भाभी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बेस हाय की!"

"अन् बाई, अजून आयका. मादी मेली तर हाच नर मोठा होते अन् मादी बनते. मंग पुढचा लहाना याचा नर."

भाभींनी पदराने हात पुसले, सरांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंजे मी गेली का सैपाक तुमच्याकडे. शिकून ठेवा."

पहिल्या खेपेची पिल्लं सगळी गेली. दुसऱ्या खेपेचीही. पिल्लं इतकी बारीक की त्यांचं खाद्य डोळ्यांनी दिसत नाही. ते खाद्य वाढवायला हिरव्या पाण्याच्या बाटल्या खिडकीत ओळीने ठेवाव्या लागत. त्यातल्या दोन भाभींनी घाण पाणी समजून मोरीत ओतल्या होत्या. त्या आठवड्यात त्या घरात जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. तिसऱ्या खेपेला मात्र पिल्लं जगली. काळसर ठिणग्यांसारखी होती ती नारिंगी झाली, डोक्यामागची पट्टी आली, कमरेची आली, आणि एके दिवशी सरांनी खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी नेली. परीक्षा सुरू झाली.

ती परीक्षा पाहण्यासारखी होती. पिल्लू छोट्या काचेच्या डबीत घ्यायचं. मागे पांढरा ड्रॉइंग पेपर लावायचा. उजेड उत्तरेचाच, कारण तो हलत नाही. भिंग डोळ्याला. आधी तोंड. खालचा जबडा पुढे आला असेल तर गुण कापले. मग कल्ल्यांवरचं झाकण. ते गालाशी घट्ट बसलं पाहिजे, आतला लाल कल्ला दिसता कामा नये. "शर्टाचं वरचं बटन उघडं ठेवून परीक्षेले आला," असं सर त्या पिल्लाला म्हणत. मग पर, म्हणजे पोहायचे पंख, सगळे आहेत का, अखंड आहेत का. पाठीचा कणा सरळ आहे का. मग पट्ट्या. कमरेची पट्टी मध्यावर पुढच्या बाजूला किंचित फुगलेली हवी. आणि सगळ्यात शेवटी रंग. "रंग खाण्यापिण्यानं सुधारते. हाड सुधरत नाई."

नापास पिल्लांना सर मारत नसत. विकतही नसत आणि फुकट देतही नसत. "माह्या घरातून सी ग्रेड बाहेर जानार नाई." ती मागच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका टाकीत जात. त्या टाकीला भाभींनी नाव दिलं होतं एटीकेटी. तिकडे सर फिरकतही नसत. नापासांकडे फार पाहिलं की नजर बिघडते, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्या टाकीचं खाणंपिणं, पाणी बदलणं, सगळं भाभींकडे.

त्यात एक पिल्लू होतं. तोंड नीट, कल्ले बंद, पर शाबूत, दोन पट्ट्या स्वच्छ. पण शेपटीजवळची तिसरी पट्टीच नव्हती. सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा पेपर कोरा ठेवला. नापास." भाभींना ते पिल्लू फार आवडलं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं मुन्नी. आता सर म्हणाले असते की इतक्या लहान वयात नर-मादी काही ठरत नाही. पण ते त्या टाकीकडे येतच नव्हते, त्यामुळे मुन्नी ती मुन्नीच राहिली. भाभी कणीक मळता मळता तिच्याशी बोलत.

वर्षभराने अमरावतीच्या काही हौशी मंडळींनी एका मंगल कार्यालयात शोभेच्या माशांचं प्रदर्शन भरवलं. सरांचं नाव तोवर तिकडे पोचलं होतं. जोकर माशांच्या गटाला परीक्षक म्हणून त्यांना बोलावणं आलं. रांगोळीनंतर पहिलंच. सरांनी सफारी इस्त्रीला दिली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. सर खुशीत होते.

"बाई, इतकी वर्षं झाली, पन ही नजर एक डाव चुकली नाई. एक डाव."

भाभी चहा गाळत होत्या. "खरंच?"

"सांग ना कधी चुकली."

"मी कायले सांगू? तुमचीच नजर, तुमीच पाहा."

सर स्नानाला गेल्यावर भाभी मला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेल्या. मुन्नी काचेला येऊन भिडली. चांगली मोठी झाली होती, भाजल्या नारिंगी रंगाची. आणि शेपटीजवळ पांढरीशुभ्र तिसरी पट्टी, काळ्या किनारीसकट, पहिल्या दोन पट्ट्यांना लाजवेल अशी. मी चकित होऊन भाभींकडे पाहिलं. भाभी कुजबुजल्या, "बाई, प्रदर्शनात नाव फक्त तुमचं द्याचं. बाकी मी पाह्यतो."

प्रदर्शनाच्या दिवशी आयोजकांची गाडी येऊन सरांना घेऊन गेली. मागून एसटीने आम्ही दोघी निघालो. मुन्नी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा भाभींच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय हाय चाची?" भाभी म्हणाल्या, "सरांचा पेपर."

मंगल कार्यालयात निळ्या दिव्यांचा झगमगाट होता. त्या उजेडात सगळेच मासे पेटल्यासारखे दिसत. सर आत आले, उंबऱ्यातच थांबले. "हे निळे लाइट बंद करा."

आयोजक हसत म्हणाले, "सर, त्यानंच तर शोभा आहे."

"मी शोभा पाह्याले नाई आलो. नवरी पाह्याले आल्यावर तोंड धुऊन दाखवाव लागते."

दिवे बदलले. साध्या पांढऱ्या उजेडात निम्मे मासे फिकट पडले आणि त्यांचे मालकही. सर भिंग घेऊन एकेका टाकीपुढे वाकू लागले. एका टाकीत वेडेवाकडे, तुटके, नकाशासारखे पांढरे डाग असलेला मासा होता. तरुण मालक अभिमानाने म्हणाला, "डिझायनर आहे सर. असे पट्टे येण्यासाठी पिढ्यान् पिढ्या जोड्या जुळवाव्या लागतात."

सरांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "मंजे चुकीचा सराव केला. तोही नेमानं."

मग ते आमच्या टाकीपाशी आले. मी आणि भाभी लांब, खांबाआड उभ्या होतो. भाभींनी माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतेपर्यंत. सर वाकले. भिंग लावलं. काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. समोरून पाहिलं, वरून पाहिलं, टाकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिथूनही पाहिलं. मुन्नी त्यांच्या बोटामागे डुलत डुलत फिरत होती. तिला वाटलं असेल की कोणी कणकेचा हात घेऊन आलंय. सर ताठ उभे राहिले आणि शेजारच्या आयोजकांना म्हणाले, आणि मी हे माझ्या कानांनी ऐकलं, "ज्यानं हा वाढवला ना, त्याचे हात पाह्याले पाह्यजे. आखीव काम हाय."

निकाल माइकवरून सरांनीच वाचला. तिसरा, दुसरा, या वेळी एकही नंबर रिकामा नव्हता. "अन् पयला नंबर, ए ग्रेड..." त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली. "वानखडे मॅडम. कामरगाव."

सभागृहात टाळ्या झाल्या. सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. माइक चालूच होता.

"बाई, तुमच्या घरी तर मनीप्लांटही जगला नाई."

लोक हसले. मला कुठे पाहावं कळेना. तेवढ्यात भाभी खांबामागून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "त्यायचा नाई. माहा हाय. तुमचाच नापास."

सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. व्यासपीठावरून खाली उतरले, टाकीपाशी गेले, खाली वाकले. भिंग न लावताच शेपटीजवळची ती पट्टी पाहत राहिले. आयोजक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी पंखा वाढवला. मला वाटलं, आता हा माणूस इथून तडक घरी निघून जाणार.

सर परत वर गेले. माइकवर टिचकी मारली. "निकालात दुरुस्ती हाय. परीक्षकाच्या घरची एन्ट्री चालत नाई. पयला नंबर रद्द. दुसऱ्याचा पयला, तिसऱ्याचा दुसरा." घसा साफ केला. "ए ग्रेड मात्र मी मागं घेत नाई. अगोदर नापास मीच केला व्हता. ते माही चूक. नोंद घ्यावी."

टाळ्या पुन्हा झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. भाभींनी वाजवल्या नाहीत. त्या माझ्या कानाशी संतापून म्हणाल्या, "चूक यायची, अन् बक्षीस माह्या मुन्नीचं गेलं? हे कोनता न्याय हाय!"

परतीला सरांनी आयोजकांची गाडी नाकारली. एसटीत तिघांच्या सीटवर खिडकीशी मी, मध्ये भाभी, कडेला सर. डबा भाभींच्या मांडीवर. बडनेरा मागे पडलं, कपाशीची शेतं लागली. सर दोनदा बोलायला वळले आणि दोन्ही वेळा समोरच्या सीटमागे रंगवलेली सूचना वाचत बसले. शेवटी डब्याकडे पाहत हळूच त्यांनी विचारलं,

"ते शेपटीची पट्टी... कधी आली?"

भाभी समोर पाहत म्हणाल्या, "तुमी पाह्यनं सोडलं, त्याच्या मागून."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्वतःची खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली. एटीकेटीच्या टाकीतला एकेक मासा पुन्हा काढून तपासला. भाभी सांगतात, जेवायलाही उठले नाहीत. बहुतेकांचा निकाल तोच राहिला. वाकडा जबडा वाकडाच होता. पण आणखी दोघांची शेपटीची पट्टी उशिरा का होईना, आली होती. सर बाहेर येऊन भाभींना म्हणाले, "काहीकाहीले टाइम लागते म्हनते." जणू कुणी तिसऱ्यानेच त्यांना ते सांगितलं होतं.

आणि मग त्यांना एक वेडच लागलं. रात्रंदिवस जुने विद्यार्थी आठवू लागले. कोणाला सी दिली होती, कोणाचा कागद फेकला होता. एका रविवारी मला म्हणाले, "बाई, कारंज्याले चाला माह्यासंग. गज्याले भेटाचं हाय." गजानन आमच्या शाळेतला पोरगा, सरांनी त्याला ड्रॉइंगमध्ये ओळीने तीन वर्षं सी दिली होती. आता त्याचं कारंज्यात दुकान होतं, ट्रक-ट्रॅक्टर रंगवायचं. आम्ही गेलो तेव्हा तो एका ट्रॉलीच्या फाळक्यावर मोर काढत होता. मान, पिसारा, एकेक डोळा, हात कुठे थबकत नव्हता. सर बराच वेळ मागे उभे राहून पाहत होते.

"गजानन."

तो दचकला, ब्रश बाजूला ठेवून पाया पडला. "सर! तुमी इकडं?"

"मी तुले सी दिली व्हती. तीन साल. ते मी वापस घ्याले आलो."

गजाननने रंगाने माखलेल्या हातानेच डोकं खाजवलं. "सी? सर, मले तं काई आठवत नाई ब्वा."

"तीन डाव देली ना रे!"

"देली असन सर. मले एवढंच याद हाय का तुमच्या तासाले झोप लागे नाई."

सरांचा चेहरा असा पडला, की मला हसू आवरेना. इतक्या दिवसांचं ओझं उचलून आणलं आणि समोरच्याला ते ओझं आपलं म्हणून आठवतही नाही! गजाननने आम्हाला चहा पाजला, समोसे मागवले. निघताना सर पुन्हा त्या मोराकडे वळले, खाली वाकले, आणि बोटाने एक जागा दाखवली. "हे चोच जराशी जाड झाली."

"हो सर," गजानन म्हणाला, आणि ब्रश उचलून लगेच बारीक केली. मग दोघंही खुश झाले.

पुढे माझी बदली किन्हीराजाला झाली. सर गेले तेव्हा मी तिथे परीक्षेच्या कामात अडकले होते. बातमी कळेपर्यंत माती झाली होती. नंतर मी भाभींना भेटून आले. टाक्या चालू होत्या, कूलरचं तोंड जिकडे होतं तिकडेच होतं. पण सरांचं शेवटचं दर्शन म्हणून मला आठवतं ते त्याआधीच्या हिवाळ्यातलं.

मी एसटीने अमरावतीला निघाले होते. कामरगाव सोडून धनजच्या बाजूला लागलो आणि गाडी एकदम बैलगाडीच्या चालीने चालू लागली. पुढे ट्रक, त्यापुढे ट्रॅक्टर, त्यापुढे दोन जीपा, सगळे हॉर्न वाजवत. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अवं भाभी, साइड द्या ना!"

सगळ्या रांगेच्या पुढे एक गुलाबी स्कूटी होती. शमीमभाभी चालवत होत्या. त्या नुकत्याच शिकल्या होत्या आणि रस्त्याचा मध्य सोडायला तयार नव्हत्या. मागे मुनाफ सर, लग्नातल्या करवलीसारखे अंग चोरून बसलेले, दोन्ही हातांत छातीशी धरलेली पाण्याने टम्म फुगलेली पिशवी. धनजच्या शाळेतल्या बाईंनी पोरांना दाखवायला मासे मागितले होते, ते पोचवायला दोघं निघाले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की पिशवीत चार-पाच नारिंगी ठिपके पळत आहेत आणि सर त्यांच्यावरची नजर काढत नाहीत.

पुढच्या गाड्या कशाबशा एकेक करून निघाल्या आणि एसटी स्कूटीच्या बरोबरीत आली. मी खिडकीतून हाक मारली, "सर! भाभी!"

सरांनी वर पाहिलं. हात हलवता येईना, तेव्हा पिशवीच माझ्याकडे जराशी उंच केली आणि दाढीतल्या दाढीत हसले. भाभींनी मात्र मला ओळखताच हँडलवरचा उजवा हात सोडला आणि डोक्यावर नेऊन जोरजोराने हलवला. स्कूटी डुलली.

"शमीम! हाथ! हाथ रखो हँडल पे!" सर ओरडले.

आमची गाडी पुढे निघाली. मी मान मागे वळवून पाहत राहिले. स्कूटी रस्त्यावर नागमोडी चालली होती, सर पिशवीवर वाकून काहीतरी ओरडत होते, मागे हॉर्नचा कल्लोळ उठला होता, आणि वळण येईपर्यंत भाभींनी काही तो हात खाली घेतला नाही.